केनियाला निघालेले बारा बिगारी

आबांनी ओळंबा भिंतीला लावला आणि एक डोळा मिटून पाहिलं. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत लावला. मग ओळंब्याची दोरी गुंडाळत माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "विलासराव, ही भिंत पाया पडाया निघालीया."

ओळंबा म्हणजे गवंड्याचं सगळ्यात साधं हत्यार. दोरीच्या एका टोकाला लाकडी ठोकळा, दुसऱ्या टोकाला लोखंडी गोळा. ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवायचा आणि गोळा खाली सोडायचा. भिंत सरळ असेल तर गोळा तिला जेमतेम शिवतो. इथे तो भिंतीपासून दोन बोटं लांब लटकत होता. भिंतीची उंची अवघी चार फूट. चार फुटात दोन बोटं म्हणजे फार झालं.

भिंतीपलीकडे बारा मुलंमुली उभी होती. हाताला फोड आलेले, कपड्यांवर सिमेंट, चेहऱ्यावर आनंद. सकाळचे साडेनऊ वाजले होते. चार वाजता त्यांचे पाळकसाहेब मंडळीतल्या लोकांना घेऊन भिंत पाहायला येणार होते.

मी विलास गायकवाड. मूळचा बेडश्याचा, आता लोणावळ्यात राहतो. सरकारी बांधकाम खात्यात तीस वर्षं ज्युनियर इंजिनीअर होतो. निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला जायचो, तिथे पाळकसाहेबांची ओळख झाली. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. हे लोणावळ्यातल्या एका लहानशा चर्चचे. त्यांच्या मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या घरातली, कॉलेजला जाणारी मुलं मे महिन्यात तीन आठवडे केनियाला जाणार होती. ते याला मिशन ट्रिप म्हणतात. दुसऱ्या देशातल्या मंडळीकडे राहायचं, उपासनेत सहभागी व्हायचं, लहान मुलांना गाणी शिकवायची आणि तिथलं जे काम पडेल ते करायचं. सोबत मोठी माणसं दोन. एक स्वतः पाळकसाहेब आणि दुसऱ्या सुनीता मॅडम, ज्या शाळेत गणित शिकवतात.

पासपोर्ट झाले होते. पिवळ्या तापाची लस पुण्याला जाऊन टोचून झाली होती. मग तिकडच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र आलं. शाळेला एक खोली बांधायची होती. पत्र नम्र होतं, पण त्यात एक ओळ अशी होती, की मागे एका देशातून आलेल्या गटाने बांधलेली भिंत आम्हाला पाडावी लागली, म्हणून तुमच्या मुलांना नेमकं काय येतं हे एखाद्या इंजिनीअरकडून लिहून पाठवा.

पाळकसाहेब ते पत्र घेऊन माझ्या घरी आले. म्हणाले, "गायकवाड साहेब, मुलांना बांधकाम येतं एवढं तुम्ही लिहून द्या."

"येतं का त्यांना?"

"शिकतील की."

"मग शिकू दे. नंतर लिहितो."

शिकवायचं तर खऱ्या कामावर, हे मी आधीच सांगितलं होतं. नुसती सरावाची भिंत बांधून मोडली तर मुलं खेळ समजतात. लोणावळ्याजवळच्या भाजे गावात एका अंगणवाडीला मुलांना हात धुवायला जागा नव्हती. बारा फुटांची भिंत, तिला तीन नळ आणि खाली ओटा, असं काम ठरलं. गवंडी म्हणून मी किसन आबांना बोलावलं. आबा भाज्याचेच. सत्तरीला आलेत. माझ्या नोकरीत माझ्या निम्म्या कामांवर त्यांचा हात होता.

शनिवारी आबांनी मुलांना सगळं पायरी-पायरीने दाखवलं. विटा आधी पाण्यात भिजवायच्या, नाहीतर त्या मसाल्यातलं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूतलं, पाणी पिऊन टाकतात. वाळू चाळायची. एक घमेलं सिमेंटला सहा घमेली वाळू. दोन टोकांना खुंट्या ठोकून लाइनदोरी ताणायची आणि प्रत्येक थर तिच्या रेषेत ठेवायचा. संध्याकाळपर्यंत सहा थर झाले. मी स्वतः तपासले. सरळ होते.

रविवारी उपासना संपवून मुलं अकराला कामावर आली. त्या दिवशी आबांच्या पुतणीचं लग्न होतं आणि माझी पुण्याला डोळे तपासायची अपॉइंटमेंट होती. मी फोनवर सांगितलं, "काल केलं तसंच चालू ठेवा." संध्याकाळी गटातल्या आशिषने भिंतीचा फोटो पाठवला. मी अंगठा पाठवला. फोटोत भिंत सरळ दिसत होती. मोबाइल तिरका धरला होता, हे मला सोमवारी कळलं.

तर सोमवारी सकाळी मी मुलांना गोळा केलं आणि ओळंबा त्यांच्याच हातात दिला. प्रत्येकाने लावून पाहिला. आनंद हळूहळू उतरला.

"सर, चारच फूट आहे," आशिष म्हणाला. तो सिव्हिल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि गटाचा म्होरक्या. "प्लास्टरमध्ये निघून जाईल."

"वरून झाकलं जाईल. वजन कुठे जाणार आहे?"

अंगणवाडीच्या सेविका शांतामावशी दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "सायेब, पोरं ह्याच भिंतीला धरून हुबी ऱ्हात्यात बगा. नळाला लोंबकाळत्यात बी."

सुनीता मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, परीक्षा संपल्या संपल्या आलीत ही मुलं. पाडायलाच हवी का? बाहेरून एखादा टेकू नाही देता येणार?"

"मॅडम, गणिताचं उत्तर चुकलं तर तुम्ही टेकू देता का?"

त्या हसल्या. "नाही. पायऱ्या तपासायला लावते."

"तेच करू."

मग आम्ही पायऱ्या तपासल्या. रविवारी मुलांनी दोन टीम केल्या होत्या. एकीने डावीकडून सुरुवात केली, दुसरीने उजवीकडून. शर्यत लागली. दोरी सारखी वर सरकवावी लागते, त्यात वेळ जातो, म्हणून दहाव्या थरानंतर ती काढून ठेवली. दोन्ही टीम मधे भेटल्या तेव्हा भिंती जुळेनात. मग एका बाजूला मसाला जाड भरून जुळवून घेतलं.

"हे कुणाच्या लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

करुणा नावाची एक मुलगी मागे उभी होती. नर्सिंगला आहे. वडील रेल्वेत ट्रॅकमन, मळवलीला राहतात. शनिवारपासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "माझ्या आलं होतं सर. काल दुपारीच."

"मग?"

तिने आशिषकडे पाहिलं नाही, पण आशिषच म्हणाला, "तिने मला सांगितलं होतं. मीच म्हणालो, आता नको. पाळकसाहेब येणारेत, तुम्ही पत्र देणार आहात. भिंत वाकडी निघाली तर ट्रिप रद्द होईल असं वाटलं."

रागवावं असं वाटलं खरं, पण रविवारी मी कुठे होतो? नवख्या माणसांना दुसऱ्याच दिवशी एकटं सोडणं ही सुपरवायझरची चूक. नोकरीत मी यासाठी कॉन्ट्रॅक्टरना झापलेलं आहे. मी मुलांना तसं सांगितलं. माझी चूक आधी, तुमची नंतर. दोन्ही एकत्रच काढू.

आबा तोवर कामाला लागले होते. "हातोडा नगं कुणी," ते म्हणाले. "कालचा माल हाय, अजून हिरवा हाय. वरनं एकेक ईट सुटी करायची. थापीनं माल खरवडायचा. ईट मोडली न्हाई पायजे."

हिरवा म्हणजे पुरता न धरलेला. आठवडा गेला असता तर विटा फुटल्या असत्या. शनिवारचे सहा थर आणि रविवारचे सुरुवातीचे चार ठेवायचे, वरचे सगळे काढायचे, असं ठरलं. पहिली वीट काढायला कोणी पुढे होईना. शेवटी आशिषच गेला.

तीन वाजता विटा स्वच्छ होऊन ओळीत लागल्या होत्या आणि पुन्हा दोन थर वर चढले होते. या वेळी दोरी होती. करुणा फक्त दोरीकडे बघत होती. तिला मी दुसरं कामच दिलं नाही. एखादी वीट केसभर बाहेर आली तरी ती "थांबा" म्हणायची आणि सगळे थांबायचे. दोन दिवस गप्प असलेल्या मुलीचा आवाज त्या दुपारी सगळ्या आवारात ऐकू येत होता.

चारला पाळकसाहेब टेम्पोतून माणसं आणि समोसे घेऊन उतरले. पांढरा शर्ट, हातात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. अर्धवट भिंत पाहून ते माझ्याकडे वळले.

"काल फोटोत तर पूर्ण होती."

"काल पूर्ण होती. आज बरोबर आहे."

मी काय झालं ते सांगितलं. आशिषने त्याचा भाग स्वतः सांगितला, न अडखळता. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणखी किती दिवस?"

"दोन."

"हरकत नाही. प्रार्थना मात्र आजच करू."

प्रार्थना छोटी झाली. मुलांनी हातातलं ठेवून डोकी लववली. आबांनी टोपी काढली. मीही उभा राहिलो. आमेन झाल्यावर आबा टोपी घालत म्हणाले, "पाळकसायेब, लय लांबवलं न्हाई, बरं केलं. घमेल्यात माल वाळत हुता." पाळकसाहेबांना हसू आवरेना. समोसे मुलांनी तसेच सिमेंटच्या हातांनी खायला घेतले, म्हणून शांतामावशींनी त्यांना विहिरीवर पिटाळलं.

बुधवारी भिंत पूर्ण झाली. आबांनी ओळंबा लावला, पाहिलं आणि बिडी पेटवली. त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक मी तीस वर्षांत ऐकलेलं नाही.

आता राहिलं पत्र. अंगणवाडीच्या ओट्यावर बसून मी ते लिहिलं आणि पाळकसाहेबांना वाचून दाखवलं. मजकूर साधारण असा होता: ही बारा मुलं स्वतंत्रपणे भिंत बांधू शकत नाहीत. ते काम त्यांना एकट्यांना देऊ नये. ती वाळू चाळू शकतात, योग्य प्रमाणात मसाला कालवू शकतात, सामान वाहू शकतात, बांधलेल्या भिंतीला रोज पाणी मारू शकतात. दोघंजण गवंड्याच्या नजरेखाली भिंत रचू शकतात. चूक झाली तर कबूल करतात आणि काढून पुन्हा करतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पाळकसाहेबांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"पहिलंच वाक्य 'बांधू शकत नाहीत'?"

"पहिलं तेच वाचलं जावं म्हणून."

"आणि त्यांनी नको म्हटलं तर? मुलं वर्षभर तयारी करतायत. मंडळीतल्या बायांनी घरोघर प्रार्थनेच्या सभा घेतल्यात."

"तर वाईट वाटेल. पण मी दुसरं लिहिलं आणि तिथल्या मुलांवर भिंत आली तर सही माझी असेल."

ते उठले, ओट्यावरून दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "द्या इकडे. स्कॅन करून आजच पाठवतो." त्यांच्या जागी मी असतो तर एक दिवस थांबलो असतो. ते थांबले नाहीत.

ते दोन दिवस सुनीता मॅडमनी मुलांना काहीही कळू दिलं नाही. सामानाच्या याद्या करायला लावल्या, स्वाहिली गाण्याची तालीम घेतली. मला मात्र दर तीन तासांनी फोन. "काही आलं का सर?" मी म्हणायचो, मला कशाला येईल, पाळकसाहेबांना येईल.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. पाळकसाहेबांनी फोनवरच वाचून दाखवलं. मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, की गवंडी आमच्या गावात चांगले आहेत, त्यांच्या हाताखाली माणसं पुरत नाहीत. आजवर आलेल्या प्रत्येकाला भिंतच बांधायची होती. तुमच्या बारा मुलांना जरूर पाठवा.

मी ही बातमी आबांना सांगायला भाज्याला गेलो. आबा म्हणाले, "म्हंजी बिगारी म्हनून घेतली पोरं." मी व्हय म्हणालो. "मंग शिकतील," आबा म्हणाले.

बिगारी म्हणजे गवंड्याच्या हाताखालचा मजूर. मुलांनी हा शब्द उचलला. विमानतळावरच्या ग्रुप फोटोखाली आशिषने 'बारा बिगारी' असं लिहून पाठवलं. या वेळी मोबाइल सरळ धरला होता.

जूनमध्ये ती परत आली. पाळकसाहेबांच्या घरी जेवण होतं, तिथे मलाही बोलावलं होतं. तिकडे विटा नव्हत्याच म्हणे. कोकणातल्या चिऱ्यासारखे कापलेले दगड असतात, त्यांची भिंत. आम्ही शिकवलेलं निम्मं तिथे लागू पडलं नाही. दोरी, मसाला आणि पाणी मारणं तेवढं लागू पडलं. खोली छपरापर्यंत पूर्ण झाली. तिथल्या मुख्य गवंड्याने शेवटच्या आठवड्यात आशिषला दगड रचायला घेतलं आणि दोनदा काढायला लावले. आशिष हे अभिमानाने सांगत होता.

सुनीता मॅडमनी मोबाइलवर पूर्ण झालेल्या खोलीचा फोटो दाखवला. खोलीसमोर शाळेची मुलं, गवंडी, आपली मुलं. मी मोजली. अकरा होती.

"करुणा कुठे आहे?"

करुणा पलीकडे वाढत होती. तिथूनच म्हणाली, "मी पाणी मारत होते सर. फोटोची वेळ आणि पाण्याची वेळ एकच आली."

नोकरीत मी पुष्कळ रिपोर्ट लिहिले. बहुतेकांत 'काम समाधानकारक' असं होतं आणि ते कोणी वाचले असतील असं मला वाटत नाही. काय येत नाही हे पहिल्या ओळीत लिहिलेला रिपोर्ट मी एकच लिहिला, आणि त्याला दोन दिवसांत उत्तर आलं. हे नोकरीत असताना कळलं असतं तर बरं झालं असतं. बढती मिळाली नसती, पण फायली लवकर निघाल्या असत्या.