बाहीवरचं घड्याळ

पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या कृष्णकांतची ओळख त्याचे सासरे एका वाक्यात करून देत: "हे आमचे जावयबापू, चित्रं काढतान." पुढे काही नाही, नुसतं हसायचं. सासरे म्हणजे जासईकडचे तुळशीराम. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या, मोबदला आला आणि गडी घड्याळ सदऱ्याच्या बाहीवरून बांधायला लागला. मनगटावर बांधलं तर लोकांना दिसणार कसं? पोटावर दोन थापा मारल्याशिवाय त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

कृष्णकांतला ते हसणं झोंबायचं, पण तोंडावर ब्र काढायची टाप नव्हती. अशात एक्क्याण्णव साली मुंबईच्या एका कंपनीनं टीव्हीसाठी विनोदी कार्टून काढायला घेतलं आणि एका भागाची चित्रं याच्याकडे आली. गोष्ट एका सरपंचाची. नळाचं उद्घाटन करतो, बँड वाजतो, पाणी काही येत नाही. कृष्णकांतच्या अंगात वारंच शिरलं. म्हातारा बरा सापडला! सात महिने शाळा सुटली की तो टेबलाशी. सरपंचाला त्यानं बाहीवरून घड्याळ बांधलं, पोटावर दोन थापा मारायला लावल्या. सरपंचामागे पानाचा डबा घेऊन माना डोलावणारा एक हुजऱ्या होता. त्याच्यासाठी कोण डोकं फोडणार? या धंद्याची रीतच आहे, समोर आरसा ठेवायचा, तोंडं करायची आणि दिसेल ते कागदावर उतरवायचं. हुजऱ्या असाच हातासरशी उरकला.

रविवारी सकाळी भाग लागला तेव्हा तुळशीरामांच्या ओटीवर गाव लोटला होता. रंगीत टीव्ही त्यांचाच ना! कृष्णकांत त्यांच्या मागे बसला, मांडीवर त्यांचा पानाचा डबा. तो नेहमी याच्याचकडे असे. बायकोला, मनिषाला, त्यानं सांगून ठेवलं होतं, आज बघ तुझ्या बापाचं तोंड. सरपंचानं पडद्यावर पोट थोपटलं आणि सगळे चोरून तुळशीरामांकडे बघायला लागले. कृष्णकांतचा जीव टांगणीला लागला.

तुळशीराम हसता हसता ठसकले. "यो त आनंदा हाय! माझं बघून बाहीवर घड्याल बांधतो."

आनंदा त्यांचा चुलतभाऊ, शेजारीच बसलेला. त्याला सरपंचात पलीकडे बसलेले दाजी दिसले, दाजींना आणखी कुणी. गाव हसून लोळला, पण स्वतःला एकानं ओळखलं असेल तर शपथ. सात महिन्यांची मेहनत पाण्यात गेली.

मग हुजऱ्या आला. मान डोलावत, डबा पुढे करत. तुळशीरामांचं हसू थांबलं. त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं, पोटावर दोन थापा मारल्या.

"आन् यो आपला जावय."

या वेळी मात्र कुणालाच दुसरं नाव सुचलं नाही. मनिषासुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. कृष्णकांतनं खुलासा करायला तोंड उघडलं. तेवढ्यात सासऱ्यांनी मागे न बघता हात पसरला, आणि त्यानं मान डोलावून डबा पुढे केला.