चित्रातल्या बाईची नजर

तीन वर्षं मी एका परदेशी बाईपुढे मेणबत्ती लावत होते. आधी हे कबूल करते, मग खुशाल हसा!

तेव्हा माझं नवीन लग्न झालेलं, अक्कल बेताची. मार्चमध्ये चवदार तळ्यावर गेलो होतो. तिथल्या एका स्टॉलवर चित्र दिसलं — खिडकीपाशी पाळणा, त्यात बाळ, आणि मांडीवर शिवण टाकून बाळाकडे बघणारी आई. तळ्यावर विकायला आहे म्हणजे महामाया आणि सिद्धार्थच! आमच्या गावी, तुडीलला आणून बुद्धांच्या फोटोशेजारी लावलं. शेवटी गावात आलेले ड्रॉइंगचे सर म्हणाले, "वहिनी, ही युरोपातल्या जुन्या पेंटिंगमधली साधी घरातली बाई आहे."

सासूबाई पोट धरून हसल्या. "तरी मी म्हणतेय, महामायेच्या डोक्यावर टोपी कशी गो? पण आई हाय ना? लाव चुलीपाशी, तुला सोबत."

तेव्हापासून ती माझ्या स्वयंपाकघरात आहे; आता मी आजी झाले, तरी तिथेच. भूत, करणी, अंगात येणं — आमच्या बौद्ध घरात यातलं काहीच मानत नाहीत. मी तर टिंगल करणाऱ्यांतली. म्हणूनच पुढचं लिहिताना लाज वाटतेय...

गेल्या वर्षी सूनबाईची रजा संपली, पोलादपूरच्या शाळेत पुन्हा रुजू व्हायचं होतं. नात सात महिन्यांची. सूनबाई दारात घुटमळली — "आई, जमेल ना? नाहीतर नोकरी सोडते."

मी ऐटीत म्हटलं, "माझी पोरं साडीच्या झोळीतच वाढली. जा तू!"

दुपारी नात मधल्या खोलीत झोळीत झोपलेली, मी भाकऱ्या थापत होते. सहज वर पाहिलं... बाईची नजर पाळण्यावर नव्हती. मान वळवून ती मधल्या दाराकडे बघत होती!

पिठाच्या हातांनी धावले. नात कुशीवर वळलेली, झोळीचा काठ गळ्याशी आवळलेला, रडायलाही आवाज नाही. सोडवलं, पाठ चोळली... आणि तिने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

परत येऊन बघते तर बाई नेहमीसारखी पाळण्याकडे बघतेय. मुलगा म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढलाय. असेलही. रोज तिला 'थँक्यू' म्हणते, एवढंच.

संध्याकाळी सूनबाईला सगळं सांगितलं, काही न लपवता. वाटलं, झालं, आता माझ्यापायी हिची नोकरी गेली. लेकीला छातीशी धरून ती म्हणाली,

"आई, तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं. बोललात, म्हणून उद्याही हिला तुमच्याकडेच ठेवून जाणार. झोळी मात्र मी आत्ताच सोडतेय."