माळावरची उलटी पावलं

ती सकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अनसिंगच्या बाजूच्या एका गावातून पोलीस पाटलाचा ठाण्यात फोन आला. "साहेब, माळावर कोनी बाई करणी करून राह्यली. रोज लिंबं सापडतात. काल एकाची म्हैस मेली, आता लोकं काठ्या घेऊन धरनार हायत तिले."

लिंबू दिसलं की आमच्याकडे भल्याभल्यांची डोकी बंद पडतात! एखादीचा जीव जायचा, म्हणून महिला शिपायाला घेऊन मी उजाडता उजाडता माळ गाठला.

धुकं होतं. चुन्याने भलामोठा आठाचा आकडा आखलेला, कडेने पिवळी लिंबं. आणि त्या आकड्यातून एक बाई उलटी चालत होती. मान मागे वळवलेली, दोन्ही हात हवेत काहीतरी फिरवत होते. पाय लिंबाला लागला की कपाळावर हात मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? शिपाईबाईने तर माझी बाही धरली.

तिला तडक ठाण्यात आणलं. मागोमाग गाव फाटकावर हजर. "आमच्या हवाली करा!"

चौकशीत बाईने नाव सांगितलं, बस्स. वैतागून मी टेबलावर हात आपटला. ती दचकली आणि तिचा उजवा पाय फरशीवर गच्च दाबला गेला.

जन्मभर जीप हाकलेल्या माणसाला ते लगेच ओळखू आलं. "बाई, ब्रेक मारला ना तुम्ही?"

ती ढसाढसा रडली. नवऱ्याची नजर गेलेली, मालवाहू गाडी दारात उभी, घर त्याच गाडीवर. लायसन्सच्या टेस्टला आठाच्या आकड्यातून गाडी काढताना ही दर वेळी रिव्हर्समध्ये नापास. गाडी काढली तर गाव पाहील, म्हणून पायीच सराव, आणि खुणेला घरच्या झाडाची लिंबं.

"अवं, मंग सांगतलं काहून नाही? जीव गेला असता!"

"साहेब, करणीवालीले लोकं भेतात. नापासले हासतात."

फाटकावर जाऊन मी सगळा खुलासा केला. काठ्या खाली आल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता सगळा जमाव हसू लागला. मी मागे वळून पाहिलं. इतका वेळ काठ्यांपुढे न हललेली ती बाई भिंतीला टेकून थरथरत होती.

माणूस मरणापेक्षा हशाला जास्त भितो, हे मला त्या दिवशी कळलं. काठ्या मी उतरवल्या. हसण्याला लावायला माझ्याजवळ कलम नव्हतं.