लोहाराच्या पडवीतली घोंगडी

आष्टीहून निघाले त्या सकाळी बैलगाडीत मी मागं तोंड करून बसले होते, आणि आमचे मालक शिंदी पिऊन माझ्या पायाशी घोरत पडले होते. परतूरच्या स्टेशनावर दोघांनी धरून त्यांना आगगाडीत चढवलं. आईनं एक बोचकं दिलं होतं, वडलांच्या काळ्या घोंगडीत बांधलेलं. आत दोन लुगडी, एक तांब्या, थोडे भाजलेले शेंगदाणे. "हे सोडू नको," ती म्हणाली, "तिथं जमलं न्हाई तर असंच उचलायचं अन् जल्दी निघून यायचं." रडू तिलाही आलं नाही, मलाही नाही.

मनातून मी खूश होते. का, ते ऐका आणि पोट धरून हसा. शिंदीची झाडं आमच्या आष्टीच्या ओढ्याला; जालना पडलं शहर, तिथं कसली झाडं? झाड नाही तर शिंदी नाही, शिंदी नाही तर मालक शुद्धीवर. अठरा वर्षांच्या त्या शहाणीनं एवढ्यावर गाव सोडलं! तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य होतं. मालकांना जालन्याच्या जिनात कापसाचं काम लागलं, आणि राहायला खोली मिळायच्या आधी त्यांना शिंदीखाना सापडला. गाडे भरभरून मडकी रोज शहरात येत होती. झाडं कशाला लागतात?

बोचकं मी खुंटीला टांगून ठेवलं. सोडलं नाही.

शेजारच्या हलीमाखालांना सगळं ऐकू जायचंच, भिंत एक होती. एक दिवस त्या म्हणाल्या, "अगे, यहाँ छोड़नेवाले भी बैठते. रोज शाम कू. किधर बैठते, वो मेरेकू नै मालूम." दारू सोडणारी माणसं एकत्र बसतात, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. पण ती हुडकायची कशी? पिणारा लांबून ओळखू येतो, सोडलेला कसा ओळखायचा? मंग शहाणीनं अक्कल चालवली. डोळे लाल, हात थरथरते, पण चाल सरळ, तो सोडलेला. जिनाचा भोंगा झाल्यावर असाच एक बाहेर पडला. डोक्यावरचा पदर सावरत मी त्याच्या मागं मागं निघाले, आणि तो बराबर शिंदीखान्यात शिरला. चाल सरळ होती, कारण त्या दिवशी त्याची अजून पिऊन व्हायची होती!

दारातच बाकावर एक म्हातारा बसला होता, तुळशीराम त्याचं नाव. हातात पेला. "काय बाई, मालक हुडकून राह्यल्या का?"

"न्हाई," मी म्हणाले, "सोडणारे हुडकून राह्यले."

सगळा शिंदीखाना हसला. कोपऱ्यात आमचे मालकही हसले. बायको कुणाची, ते त्यांना कळलं नव्हतं.

म्हातारा तेवढा हसला नाही. "बाजाराच्या मागं लोहाराची पडवी हाय. भोंगा झाला की जमतेत. मी दोनदा जाऊन आल्तो." त्यानं पेला रिकामा केला. "माझं गोणपाट असंल तिथं. येतो म्हणावं."

पडवीत पाच-सहा पुरुष अंबाडीचा दोर वळत बसले होते. शिंदीखाना भरतो, नेमकी तीच वेळ. "उपदेश न्हाई इथं, वहिनी," लोहार म्हणाला. "हात रिकामे राह्यले की पाय तिकडं वळतेत, म्हणून दोर. फक्त बसायला ज्याचं त्यानं आणायचं, घरचं."

आमच्या घरी बसायला काय होतं? मी खुंटीवरचं बोचकं काढलं, लुगडी फळीवर ठेवली आणि घोंगडी लोहाराकडं नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन जिनाच्या दाराशी उभा राहिला. मालकांना मधे घेऊन तिघं चालत गेले. मालक का गेले, मला आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी ते शुद्धीवर घरी आले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. तो झाला नाही. मी भाकरी थापल्या, त्यांनी खाल्ल्या, मी ताट उचललं.

दोन महिने असे गेले. मंग पोळ्याला कुणीतरी पाजली, आणि ते पुन्हा शिंदीखान्यातले झाले. आठ दिवस मी वाट पाहिली. नवव्या दिवशी लोहाराकडं गेले ती घोंगडी आणायला. लुगडी बांधायची, परतूरची गाडी धरायची, बिलकुल ठरलं होतं.

घोंगडी तशीच अंथरलेली होती, झटकून. वर मालकांचा अर्धा वळलेला दोर, जाड-बारीक, गाठीगाठींचा. शेजारी एक फाटकं गोणपाट, तेही झटकलेलं, रिकामं. तुळशीरामचं. दोन्हीला जागा सोडून बाकीचे बसले होते.

"न्या वहिनी, घोंगडी तुमचीच हाय," लोहार म्हणाला. "पण जागा त्यांची हाय. ती आम्ही कुणाला देत न्हाई. तिथं दुसरं काहीबाही अंथरू."

मी घोंगडीचं एक टोक उचललं. मंग खाली ठेवलं, आणि घरी आले.

मालक बाराव्या दिवशी आपले आपण पडवीत गेले. त्यानंतरही दोनदा घसरले, मंग नाही. तुळशीराम कधीच आला नाही. लोहार होता तोवर त्याचं गोणपाट मात्र कुणी उचललं नाही.

आष्टीत राहिलेल्या माझ्या बहिणींनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्या पोरींनो, तुम्ही विचारता, घर कुठलं म्हणायचं? आष्टीचं नाव काढलं तर आत काही हलत नाही. खोटं कशाला सांगू, जालन्याचं काढलं तरी नाही. त्या पडवीचं काढलं की बोटांना घोंगडीची लोकर टोचते, एवढंच. आई मरेपर्यंत विचारायची, "सांगितलं होतं तरी माघारी का न्हाई आलीस गं?"

मी म्हणायचे, "बांधायला घोंगडी नव्हती."