उजव्या कोपऱ्यातली फिकट अक्षरं

या 'अमानवीय' सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचतो. माझं कामच तसं आहे. एका कंपनीच्या सिस्टिम सपोर्टमध्ये सत्तावीस वर्षं काढली. "सर, आपोआप झालं" हे वाक्य दिवसातून चारदा ऐकायचं आणि आपोआप काही होत नसतं हे पाचव्यांदा सांगायचं, हाच माझा धंदा. त्यात आमचं घर बौद्ध. भूत, नजर, अंगात येणं हे शब्द आमच्याकडे निघायचे ते फक्त कुणाची तरी चेष्टा करताना.

तरी लिहितो आहे... कारण यातला अर्धा भाग अमानवीय नाहीच. तो माझा आहे, आणि तो लपवून उरलेला अर्धा सांगता येत नाही.

माझे मामा खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. म्हणजे साहेब नव्हेत. मशीनवरून उतरलेला प्रत्येक भाग मोजून पास की नापास ठरवणारे. वर्ध्याहून मी डिप्लोमासाठी पुण्यात आलो तो त्यांच्याच क्वार्टरमध्ये. तीन वर्षं राहिलो. दोन खोल्या, मामा, मामी, त्यांची मुलगी आणि मी. माझं एकेक ड्रॉइंग ते कॉलेजच्या आधी तपासायचे. चूक असली तर सांगायचे नाहीत, कागद माझ्यासमोर ठेवून पाणी प्यायला उठायचे. ते परत येईपर्यंत मला ती सापडलेली असायची. त्यांची नजर इतकी बारीक की मामी एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, आता पोळीवरही शिक्का मारून घेऊ का तुमचा? मामांनी पोळी खिडकीच्या उजेडाला धरली, चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि म्हणाले, "पास." आणि जेवायला लागले.

रिटायर झाल्यावर खडकी बाजारामागे त्यांनी छोटा फ्लॅट घेतला आणि एक पुस्तक लिहायला घेतलं. गावाकडच्या आयटीआयमधून येणाऱ्या मुलांसाठी — मायक्रोमीटर कसा धरायचा, ड्रॉइंग कसं वाचायचं, माप घेताना हात का थरथरतो आणि तो कसा थांबवायचा — सगळं साध्या मराठीत. ही मुलं इंग्रजीला घाबरतात आणि मग मोजायलाच घाबरतात, असं त्यांचं म्हणणं. साठी उलटल्यावर दोन बोटांनी टायपिंग शिकले. आकृत्यासुद्धा माउसने स्वतः काढल्या. मायक्रोमीटरच्या एका आकृतीला त्यांना एकोणीस दिवस लागले होते. मला फोन करून सांगितलं होतं, कौतुकासाठी नाही, माहिती म्हणून.

आता माझा भाग.

सात-आठ वर्षांपूर्वी त्यांनी या कामासाठी असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला आणि विंडोज टाकायला मला बोलावलं. ओरिजिनलच टाक, असं दोनदा बजावलं. मी म्हणालो, आमच्या ऑफिसकडे जास्तीची लायसन्स असतात, त्यातलंच टाकतो. तसलं काही नव्हतं. ओरिजिनल मागवायचं तर मला पुन्हा एकदा कोथरूडहून खडकीला यावं लागलं असतं, आणि रविवार फुकट गेला असता... एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडत नाही. मी अँटिव्हायरस बंद केला, बॅगेतल्या पेनड्राइव्हवरचं क्रॅक, म्हणजे लायसन्स नसताना आहे असं भासवणारा चोरटा प्रोग्राम, चालवलं, दहा मिनिटांत काम झालं.

मामा खुर्चीमागे उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, "ओरिजिनल आहे ना?"

"हो मामा."

आयुष्यभर फक्त हेच एक काम केलेल्या माणसाला मी हे उत्तर दिलं.

काही महिन्यांनी त्यांचा फोन. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं आली आहेत, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणतात. मी गेलो, क्रॅक पुन्हा चालवलं, सर्व्हरकडचा प्रॉब्लेम होता म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, "बरं." नुसतं बरं. त्या 'बरं'चं मला काहीतरी वाटलं. आणि त्यानंतर त्या कोपऱ्याला तोंड द्यायला नको म्हणून मी खडकीला जाणंच कमी केलं. अपडेट बंद करून ठेवले होते, ऑनलाइन काही सुरू करू नका असं सांगितलं होतं. मामांनी बॅकअपचं विचारलं, तर म्हणालो, मी येऊन करतो. गेलो नाही. मामा गेले त्या दिवशी गेलो.

त्यानंतर दहा महिन्यांनी मामींचा फोन आला. पहिल्या स्मृतिदिनाला पुस्तक छापायचं ठरवलं होतं, छापणाऱ्याने फाइल मागितली होती, आणि कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. वह्या आहेत का, मी विचारलं. वह्या होत्या, पण निम्म्याच भागाच्या. पुढचं आणि सगळ्या आकृत्या थेट कॉम्प्युटरवर. दुसरी प्रत कुठेच नाही.

रविवारी सकाळी दहाला पोचलो. मामींनी टेबल पुसून ठेवलं होतं. बटण दाबलं... लोगो, फिरणारं वर्तुळ, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर', मग काळी स्क्रीन. पुन्हा तेच. सेफ मोड नाही. स्टार्टअप रिपेअरने अर्धा तास घेऊन काही करता येत नाही असं कळवलं. एकदा फक्त लॉगिनच्या आधी निळ्या पडद्यावर लायसन्सची मुदत संपल्याचा निरोप आला. तो वाचताना मी मामींकडे पाठ करून बसलो होतो याचं मला बरं वाटलं. मग आतून टक्... टक्... टक् असा आवाज यायला लागला. हार्ड डिस्कचा हा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही. माझ्या पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू करून पाहिला, त्याला डिस्क दिसलीच नाही. पेनड्राइव्ह काढून बॅगेत टाकला. पॉवर बंद करून कॅबिनेट उघडलं, डिस्क काढली, बाहेरून जोडायच्या केसिंगमध्ये घालून माझ्या लॅपटॉपला लावली. तिथेही तेच, टक् टक्, आणि शून्य.

"म्हणजे पुस्तक यात आहे?" मामींनी विचारलं.

मी हो म्हणालो. त्यांनी हात पुढे केला, मी डिस्क त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पदरात धरली, दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला धरावं तशी. बाकीचं मशीन तरी धड आहे का ते बघायला मी केबल तशाच लोंबत ठेवून पॉवर दिली. स्क्रीनवर काळ्यावर पांढरी ओळ आली, बूट करण्यासाठी काही सापडत नाही, म्हणजे सुरू व्हायला डिस्कच नाही. बरोबरच होतं. सापडणार काय? ते तसंच सुरू ठेवून मी खुर्ची वळवून मामींकडे तोंड केलं.

आणि मग मी सांगितलं. का तेव्हाच, माहीत नाही. कदाचित त्यांनी ती ज्या तऱ्हेने धरली होती त्यामुळे. मामी, हे माझ्यामुळे झालं. मी टाकलेलं विंडोज खोटं होतं. मामांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, नंतरही बोललो, आणि ते उघडं पडू नये म्हणून बॅकअप करायला आलो नाही. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. एक्कावन्न वर्षांचा माणूस मी.

मामींनी पदरातली डिस्क सावरली. मग म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं नं, सतीश."



त्यांनी जे सांगितलं ते असं. कारखान्यात एखाद्या भागाबद्दल शंका आली की बाकीचे इन्स्पेक्टर तो सरळ नापास करून कामगाराच्या नावाने ओरडायचे. मामा तो भाग बाजूच्या फळीवर ठेवायचे, पिवळी चिठ्ठी बांधून. चिठ्ठीवर नाव नाही, काही नाही. ज्याने बनवला तो रोज त्या फळीवरून जायचा. आज ना उद्या तो स्वतःच येऊन म्हणायचा, साहेब, तो माझा, त्यात असं असं झालंय. मग मामा त्याच्याबरोबर मशीनवर जाऊन उभे राहायचे, तो भाग पुन्हा होईपर्यंत. असे आलेले कामगार नंतर त्यांचे सगळ्यात चांगले कामगार झाले, म्हणे.

"कोपऱ्यात ते अक्षरं पहिल्यांदा आले नं, तेव्हाच मला दाखवले त्यांनी," मामी म्हणाल्या. वर्ध्याची बोली त्यांची अजून गेलेली नाही. "म्हणाले, पोरानं काहीतरी लपवलंय. मी म्हटलं, मग विचारा की. तर म्हणे, विचारायचं नाही. येईल तो."

"मग दुसरं टाकून का नाही घेतलं त्यांनी?"

"म्हणे, मी दुसऱ्याकडून करून घेतलं तर त्याला यायला जागा कुठं राहील?"

सहा वर्षं. एवढ्या मोलाचं काम त्या कॉम्प्युटरवर करत होते आणि माझ्यासाठी जागा राखून बसले होते. मी ज्याला त्यांचं अज्ञान समजत होतो तो त्यांचा धीर होता. मी जमिनीकडे बघत बसलो. एवढा मोठा माणूस माझ्या घरचा होता आणि मी त्याला टाळत होतो.

पंख्याचा आवाज वाढला म्हणून वळलो. स्क्रीनवर मामांचा डेस्कटॉप होता.

तेच निळं आकाश, डाव्या बाजूला त्यांचे फोल्डर. एकाचं नाव 'पुस्तक - अंतिम नाही'. मी विचार केला नाही. सत्तावीस वर्षांची सवय आहे, मशीन चालू आहे तोवर डेटा काढा, प्रश्न नंतर. बॅगेतून कोरा पेनड्राइव्ह काढला, लावला, फोल्डर कॉपीला टाकलं. चार मिनिटं लागली. तेवढ्यात नजर उजव्या कोपऱ्याकडे गेली. कोपरा स्वच्छ होता. सेटिंग्ज उघडून पाहिलं. विंडोज इज अ‍ॅक्टिव्हेटेड. इंटरनेटची वायर मी सकाळीच काढून ठेवली होती, आणि तिच्याशिवाय हे आपोआप होत नाही. कॉपी पूर्ण झाली, पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉपला लावला. सगळी प्रकरणं, सगळ्या आकृत्या, एकूणएक उघडत होतं. मी मामींना म्हणालो, मिळालं.

त्या म्हणाल्या, "मग हे आता कुठं ठेवू?"

डिस्क त्यांच्या हातात होती. पदरात, दोन्ही हातांनी धरलेली. पूर्ण वेळ.

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. काळ्यावर पांढरी ओळ. बूट करण्यासाठी काही सापडत नाही.

मला माहीत आहे, तुमच्यातले माझ्या धंद्यातले लोक आता काय म्हणणार. दुसरी डिस्क असेल. नव्हती, कॅबिनेट उघडंच होतं. सेटअपच्या पेनड्राइव्हवरून चालू झालं असेल. तो बॅगेत होता, आणि त्यात मामांचं पुस्तक कुठून येणार? तू भावनेच्या भरात डिस्क परत लावली असशील. मग मामींच्या हातात काय होतं? त्यांनाही मी विचारलं, तुम्ही ती मध्ये कधी खाली ठेवली होती का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी काही भूतंबितं मानत नाही. पण अर्धं काम टाकून जाणारा माणूस तो नव्हता."

पुस्तक छापून झालं. वर्ध्याजवळच्या दोन आयटीआयमध्ये प्रती गेल्या. तिथे शिकवणारे एक निदेशक मामींना फोनवर म्हणाले की मुलं एकोणीस दिवसांच्या त्या आकृतीवर बोट ठेवून माप घ्यायला शिकतात. आकृतीला किती दिवस लागले हे अर्थात त्यांना माहीत नव्हतं, मामींनी सांगितलं.

मला मात्र राहवेना. स्मृतिदिन झाल्यावर ती डिस्क घेऊन मी शनिवार पेठेत एका ओळखीच्या गृहस्थांकडे गेलो. डेटा रिकव्हरीचं काम करतात, कामात पक्के, बोलण्यात तिखट. दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं. डिस्क उघडून ठेवली होती, आतल्या तबकड्यांवर गोल गोल चरे.

"अहो, ही डिस्क आहे की किसणी?" ते म्हणाले. ही कित्येक महिन्यांत वाचली गेलेली असणं शक्य नाही, असं त्यांनी सांगितलं. मी पुस्तकाची प्रत त्यांना दिली होती, ती उचलून त्यांनी विचारलं, मग हे कुठून काढलंत?

"बॅकअप होता," मी म्हणालो.

ते बरं म्हणाले आणि फॉर्म भरायला लागले. मी डिस्क पिशवीत घातली, जिना उतरलो, गाडीची किल्ली लावली. किल्ली फिरवेना. तसाच परत वर गेलो. तिथे दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यादेखत म्हणालो, "बॅकअप नव्हता. मी खोटं बोललो. ती फाइल डिस्क बाहेर काढलेली असताना आली. कशी आली मला माहीत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकांनीही पाहिलं.

"फॉर्मवर हे असंच लिहू?"

"असंच लिहा," मी म्हणालो. "खाली मी सही करतो."