डोळे न आखलेला गणपती

लघवी लाल झाली तेव्हा मला भीती वाटली नाही, उलट गंमतच वाटली. हमरापूरला आमचा गणपतीचा कारखाना. कुंचल्याला टोक काढायचं तर मी तो ओठांत धरून ओढतो. वडीलही तसंच करत. तीस वर्षं पोटात गेलेला रंग आता खालून बाहेर पडतोय, असं मी बायकोला थाटात सांगितलं. दोन दिवसांनी लघवी साफ झाली. पंधरा दिवसांनी पुन्हा लाल. दुखत काहीच नव्हतं. डाव्या कुशीत जडपणा होता, तो बैठ्या कामाचा म्हटला. सदरा सैल पडू लागला, तर शिंप्याला नावं ठेवली.

अशात रोह्याच्या एक बाई मूर्ती ठरवायला आल्या. निघाल्या होत्या शेजारच्या कारखान्यात. तो बंद होता म्हणून माझ्या दारात. गिऱ्हाईक दिसलं की माझ्या अंगात नट संचारतो. लघवीचा किस्सा मी साभिनय ऐकवला.

बायको ओरडली, "अवो, बाईमाणसासमोर काय ह्ये!"

बाई हसल्या नाहीत. जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या. म्हणाल्या, "या आठवड्यात कुठला रंग लावताय?"

"पितांबराचा पिवळा आन् शेल्याचा हिरवा."

"मग हिरवी का नाही झाली?"

माझ्या किश्श्यात असं कुणी कधी बोट घातलं नव्हतं. मी पुटपुटलो, "पन दुखत नाय वो."

"म्हणूनच सांगते. खडा असता तर गडाबडा लोळला असतात. ही मूर्ती माझी. पण सोनोग्राफी केल्याशिवाय मी ती नेणार नाही."

डाव्या मूत्रपिंडात गाठ निघाली. मुंबईचे डॉक्टर स्पष्ट बोलले, "कर्करोगच दिसतोय. पण अजून मूत्रपिंडाबाहेर गेलेला नाही. अशा वेळी काढला तर बरीच माणसं पुढे वर्षानुवर्षं जगतात. फुप्फुसात, हाडांत पोचला असता तर गोष्ट वेगळी होती. हमी देत नाही. तपासण्या मात्र चुकवायच्या नाहीत."

ऑपरेशनला निघायच्या सकाळी मी बाईंच्या मूर्तीसमोर उभा राहिलो. सगळी रंगवून झाली होती, डोळ्यांची आखणी तेवढी बाकी. लोक नवस बोलतात, मी दमच दिला, "ह्ये डोळे माझ्याच हातचे. मला परत आणलंस तर बघशील, नायतर बस तसाच!" बायकोने तोंडाला पदर लावला, हसली की रडली, तिने अजून सांगितलेलं नाही.

मूत्रपिंड गेलं, मी आलो. चतुर्थी तोंडावर होती. मोठ्या ऐटीत कुंचला उचलला आणि डोळ्यापाशी नेऊन तीनदा मागे घेतला. आखणीत एक रेघ चुकली की देवाची नजर तिरळी होते. ऐट गळाली. मनात म्हटलं, बाबा, माझ्याने नाही होत, तूच काढ. श्वास रोखला आणि रेघ गेली, सरळ.

बाई आल्या. मूर्तीआधी माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "आता रंग?"

"पिवळा!" मी साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असं ओरडलो.

बाई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी शेजारचं दार बंद का होतं, हे मी शेजाऱ्याला आजवर विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तपासणीची तारीख आली की अजूनही एका मूर्तीचे डोळे बाकी ठेवून जातो. धमकी तीच, फक्त आता ती हात जोडून देतो.