वगळलेला उंचवटा

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमगावात मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी करते. उपग्रहाने टिपलेल्या ताऱ्यांच्या क्ष-किरणांची माहिती इंटरनेटवर फुकट मिळते. एक सॉफ्टवेअर तिचा आलेख काढतं, आपण त्यावर गणिताची रेघ बसवायची. रेघ जिथे बसत नाही, तिथे काहीतरी नवं असू शकतं. पीएचडीच्या सरांनी मला बजावूनच ठेवलं होतं, एक तरी नवी गोष्ट दाखव, नाहीतर प्रबंध विसर.

आणि मला दिसली की! एका ताऱ्याच्या आलेखात छोटासा उंचवटा, काही केल्या रेघेत बसेना. आनंदाच्या भरात मी पहिला फोन कोणाला केला? शेजारच्या दादाला. सख्खा नाही, पण लहानपणापासून राखी त्यालाच बांधते. मोठ्या शहरातल्या संस्थेत तो हेच काम करतो. मी व्हिडिओवर स्क्रीन दाखवली, फाइलही पाठवली.

"अरे यार, कचरा आहे तो," तो म्हणाला. "यंत्राची खोड. तेवढा भाग वगळून टाक, नाही तं लोक हसतीन तुले."

मी वगळला. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलेलं ऐकतं. रेघ कशी झकास बसली! मी त्याचे आभारसुद्धा मानले, मूर्खासारखे.

दसऱ्याच्या सुमारास त्याचा शोधनिबंध आला. तोच तारा, तोच उंचवटा. ती यंत्राची खोड नाही, हे त्याने चांगलं पानभर सिद्ध केलं होतं. माझं नाव कुठेच नाही. मी आता तेच दाखवायला गेले तर त्यात नवं काय राहिलं? केसाने गळा कापला मेल्याने.

दिवाळीला तो गावी आला, तसा आमच्याकडे फराळालाही आला. आईने बशी भरून दिली. मी तोंडावरच विचारलं, "काऊन केलं असं, दादा?"

"मी काय जबरदस्ती केली काय तुले? तूच वगळलं ना," तो चिवडा खात म्हणाला. मग आईकडे वळला. "काकी, माझं नाव झालं तं हे जळून राहिली."

माझ्या अंगाचा नुसता संताप झाला. आलेख काय, रेघ काय, आईला कुठून सांगायला सुरुवात करणार?

"भावाचं चांगलं झालं तं जळू नाही, बाई," आई मला म्हणाली, आणि तिने त्याच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली.